तुकडा आणि त्याची उपाधी: कोडचे तुकडे साठवण्याविषयी

(रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)



आजच्या विषयाचा फलक वाचून दोन प्रकारचे श्रोते आलेले दिसतात. एक, ज्यांना वेबसाइटचं काम येतं आणि हा तत्त्वज्ञानाचा मास्तर आपल्याला काय सांगणार हे बघायला जे आलेत. दुसरे माझे जुने श्रोते, ज्यांना 'कोड' म्हटलं की पिनकोड आठवतो. (हशा) दोघांनाही कळेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

मी प्रोग्रामर नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर काही जुन्या मराठी नियतकालिकांची सूची वेबवर चढवायचं काम मी अंगावर घेतलं, आणि त्या निमित्तानं थोडं एचटीएमएल, थोडं जावास्क्रिप्ट, थोडं पीएचपी असं गरजेपुरतं शिकलो. हे काम करताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. कुठलाही प्रोग्रामर प्रत्येक ओळ नव्यानं लिहीत नाही. तारीख मराठीत दाखवायची, फॉर्ममधला फोन नंबर तपासायचा, फोटो मोबाइलच्या पडद्यावर मावेल असा करायचा, यासाठीच्या पाच-दहा ओळी त्याच्याकडे आधीच असतात. कधी स्वतः लिहिलेल्या, बहुतेक वेळा कुणाच्या तरी घेतलेल्या. अशा ओळींना 'स्निपेट' म्हणतात. मी आज 'तुकडा' म्हणेन.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला लवकर जायचं असेल तर हरकत नाही. तुकडा साठवणं सोपं आहे. तो तुकडा कोणत्या अटीवर चालतो, ते साठवणं अवघड आहे. आणि संग्रहाची खरी किंमत त्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

जुनीच सवय

तयार तुकडे जपून ठेवणं ही संगणकानं आणलेली गोष्ट नव्हे. इथे साठीच्या पुढचे जे आहेत त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा 'सा. न. वि. वि.' लिहिलं असेल. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. किती जणांनी लिहिताना त्याचा अर्थ मनात आणला? तो एक तयार तुकडा होता. पत्राच्या डोक्यावर ठेवायचा आणि पुढे खरा मजकूर लिहायचा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, तेराव्या शतकातला. 'मेस्तक' नावाचं जे लिखाण परंपरेनं त्याच्या नावावर सांगितलं जातं, त्यात हेच आहे: कागदपत्रं कशी लिहावीत, कोणाला कोणता मायना घालावा. कारकुनानं दर वेळी डोकं खाजवत बसू नये म्हणून केलेली सोय.

पण ह्या सोयीला एक अट होती. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', सवाष्णीला 'सौभाग्यवती' आणि विधवेला 'गंगाभागीरथी'. आता विचार करा, कुणी घाईघाईत जुन्या पत्रावरून मायना उतरवला आणि जिचा नवरा घरात झोपाळ्यावर बसून सुपारी कातरतोय अशा बाईंना 'गं. भा.' लिहून पाठवलं, तर काय होईल? (हशा) तुकडा शुद्ध आहे, अक्षर सुंदर आहे, व्याकरणात चूक नाही. फक्त तो ज्या परिस्थितीसाठी होता ती इथे नाही. कोडच्या तुकड्यांचे बहुतेक घोळ अगदी ह्याच जातीचे असतात.

संगणकाच्या जगातही हे फार लवकर सुरू झालं. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यावा लागे. वर्गमूळ काढणं, उत्तर छापणं अशी नेहमी लागणारी कामं त्यांनी वेगळ्या पट्ट्यांवर करून कपाटात ठेवली. ज्याला हवी त्यानं काढायची, आपल्या पट्टीवर तिची नक्कल करायची, मूळ पट्टी परत कपाटात. १९५१ पर्यंत असे ८७ तुकडे जमले होते. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी त्याच वर्षी यावर पुस्तक काढलं, आणि त्यात तुकड्यांबरोबर त्यांचा तपशीलही दिला: याला किती जागा लागते, किती वेळ लागतो. म्हणजे नुसती पट्टी कपाटात ठेवून भागत नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढे कपाट मोठं होत गेलं आणि तपशील लिहायचं राहून गेलं.

मराठी पानावर काय होतं

आता तीन उदाहरणं घेऊ. तिन्ही मराठीतली घेतो, कारण बहुतेक तुकडे इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात आणि मराठी पानावर आल्यावर त्यांची अट उघडी पडते.

पहिलं उदाहरण शीर्षक छाटण्याचं. लेखाचं नाव लांब असेल तर ठरावीक अक्षरांनंतर ते तोडायचं आणि पुढे तीन टिंबं द्यायची. दोन ओळींचा तुकडा आहे, सगळीकडे मिळतो. आता 'रत्नागिरी' हा शब्द घ्या. आपल्या लेखी अक्षरं चार: र, त्ना, गि, री. युनिकोडच्या लेखी चिन्हं नऊ, कारण हलन्त, काना आणि वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. आणि यूटीएफ-८ मध्ये साठवलं की बाइट होतात २७, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. इंग्रजीत 'आर' म्हणजे एक अक्षर, एक चिन्ह, एक बाइट. तिन्ही मोजमापं एकच. म्हणून तुकडा लिहिणाऱ्याला आपण नेमकं काय मोजतोय हा प्रश्नच पडला नाही.

पीएचपीचं साधं 'सबस्ट्र' बाइट मोजतं. त्याला दहावर तोडायला सांगितलं तर तीन चिन्हं पूर्ण मिळतात आणि चौथ्याचा एक तृतीयांश. पडद्यावर चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. 'एमबी सबस्ट्र' चिन्हं मोजतं. ते तीनवर तोडलं की 'रत्' असा लंगडा शब्द उरतो. चारवर तोडलं तर 'रत्न' येतं, आणि ते इतकं छान दिसतं की चूक कळतच नाही. (हशा) मराठीसाठी साधा उपाय असा, की ठरावीक लांबीच्या आधी जी शेवटची मोकळी जागा असेल तिथे, म्हणजे दोन शब्दांच्या मध्ये तोडावं.

दुसरं उदाहरण 'मजकूर स्वच्छ करण्याचं'. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हं येतात. ती काढून टाकणारा तुकडा फार लोकप्रिय आहे, एका ओळीचा असतो. शून्य रुंदीची सगळी चिन्हं पुसायची. इंग्रजीत त्यानं काही बिघडत नाही. मराठीत मात्र 'दऱ्या' शब्दातला जो पापणीसारखा र आहे, तो दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, मग हलन्त, मग शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह, ज्याला 'जॉइनर' म्हणतात, आणि मग या. पुष्कळ जुना मजकूर ह्या दुसऱ्या प्रकारे टाइप झालेला आहे. स्वच्छता करणारा तुकडा ते जोडचिन्ह पुसून टाकतो. उरतं काय? र, हलन्त, या. म्हणजे 'दर्या'. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा एका ओळीत दर्या होतो. कोकणात आपण डोंगर आणि समुद्र जवळजवळ राहतात म्हणतो, पण इतके जवळ नव्हेत. (हशा)

इथे संगणकानं कुठेही एरर दाखवली नाही. शब्द शुद्धच राहिला, फक्त दुसरा झाला. हजार पानांच्या संग्रहावर असा तुकडा चालवला आणि मूळ प्रत जपून ठेवली नसेल, तर नंतर कुठला 'दर्या' खरा आणि कुठला दऱ्यांचा झालेला, हे माणसानं एकेक पान वाचूनच ठरवावं लागेल.

तिसऱ्या उदाहरणाकडे नीट लक्ष द्या, कारण यात पैसे आहेत. समजा एका बागायतदाराचं ऑर्डरचं पान आहे. गिऱ्हाइकानं नग निवडले की रक्कम दिसते, आणि 'पुढे' दाबलं की पानावर दिसणारी तीच रक्कम वाचून पैसे भरण्याच्या पानाकडे पाठवली जाते. रक्कम आपल्या पद्धतीनं, लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह दाखवणारा एक तुकडा. दिसणाऱ्या मजकुरातून संख्या काढणारा दुसरा तुकडा, त्यातलं फंक्शन 'पार्सफ्लोट'. दोन्ही एका हिंदी पानावरून उचललेले, तिथे व्यवस्थित चालणारे. तिथे कोकम सरबताच्या बाटल्या विकल्या जात, रक्कम साधारण ९५० रुपये.

आता मेमध्ये आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर आली, १२,५०० रुपयांची. पार्सफ्लोट डावीकडून वाचायला लागतं आणि स्वल्पविराम दिसला की थांबतं. त्यानं वाचले बारा. बारा रुपयांत पेट्या! मग कुणी म्हणालं, पान मराठी करू या. हिंदीचा 'एचआय' होता तिथे मराठीचा 'एमआर' घातला. आता गंमत अशी, की ब्राउझर हिंदीसाठी आपणहून इंग्रजी आकडे दाखवतो आणि मराठीसाठी देवनागरी. पार्सफ्लोटला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत. त्यामुळे आता १२,५०० सोडाच, ९५० सुद्धा वाचले जात नाहीत. उत्तर येतं 'एनएएन', म्हणजे 'ही संख्या नव्हे'.

ह्या दोन बिघाडांपैकी मराठीचा बिघाड बरा म्हणायचा. तो बोंब मारतो, काम थांबतं, माणूस दुरुस्त करतो. बारा रुपयांचा बिघाड गप्प राहतो. इलाज दोन्हींना एकच आहे. संख्या वेगळी ठेवायची, तिचं दिसणं वेगळं ठेवायचं, आणि दिसण्यावरून संख्या कधी परत काढायची नाही.

उपाधी म्हणजे काय

आता माझ्या शास्त्राकडे येतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी इथे असतील तर त्यांना 'तर्कसंग्रह' आठवत असेल. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती बरोबर. पण उलट करून जिथे अग्नी तिथे धूर म्हटलं तर चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत अग्नीबरोबर धूर का दिसतो? कारण इंधन ओलं आहे. ओल्या इंधनाचा संबंध ही ती लपलेली अट. नैयायिक तिला 'उपाधी' म्हणतात. ज्यानं आयुष्यभर फक्त ओली लाकडंच जाळली, त्याला उपाधी दिसतच नाही. त्याला वाटतं, अग्नी म्हटला की धूर आलाच.

'हा तुकडा चालतो' हे वाक्य नेमकं असं आहे. अनुभव खोटा नाही, तुकडा खरोखरच चालला होता. पण रक्कम हजाराच्या आत होती आणि आकडे इंग्रजी होते, ही त्या चालण्याची ओली लाकडं. छाटण्याच्या तुकड्याची उपाधी: एक अक्षर म्हणजे एक बाइट. स्वच्छतेच्या तुकड्याची उपाधी: न दिसणाऱ्या चिन्हाला अर्थ नसतो. लिहिणाऱ्याला ह्या अटी माहीत नव्हत्या असंही नाही, त्याच्या जगात त्या कायमच पूर्ण होत होत्या म्हणून त्यानं लिहून ठेवल्या नाहीत. आपण तुकडा उचलतो तेव्हा ओळी येतात, त्याचं जग मागे राहतं.

उपाधी शोधायची कशी? नैयायिकांची रीत अजूनही उत्तम आहे. असं उदाहरण शोधा जिथे अग्नी आहे आणि धूर नाही. म्हणजे तुकडा कुठे चालतो ते बघत बसू नका, कुठे मोडतो ते मुद्दाम शोधा. मी चार मासले कायम हाताशी ठेवतो: 'रत्नागिरी', दोन्ही प्रकारे टाइप केलेला 'दऱ्या', ९५० आणि १२,५००. नवा तुकडा हाती आला की आधी ह्या चारांवर चालवायचा. पाच मिनिटं लागतात.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक तुकड्याबरोबर मी पाच गोष्टी लिहितो.

पहिली, नाव. ते कामावरून द्यावं, आपल्या भाषेत. 'फंक्शन नवीन २' असं नाव दिलेली फाइल सहा महिन्यांनी आपल्यालाच ओळखू येत नाही. 'मराठी शीर्षक शब्दावर तोडणे' हे नाव शोधल्यावर सापडतं.

दुसरी, कुठून घेतला आणि केव्हा. स्टॅक ओव्हरफ्लोवर लोक लिहितात ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतं आणि त्यात मूळ लेखकाचा उल्लेख करणं बंधनकारक असतं. कायदा बाजूला ठेवला तरी, पुढे शंका आली तर परत जायला पत्ता हवा.

तिसरी, उपाधी. कोणत्या आवृत्तीवर तपासला, कोणत्या मजकुरावर, कशावर चालणार नाही. इथे 'माहीत नाही' असं लिहायलाही हरकत नाही. ते सुद्धा ज्ञानच आहे.

चौथी, एक मासला. आत काय दिलं आणि बाहेर काय आलं.

पाचवी, मी हा कुठे कुठे वापरला. ही नोंद सगळ्यात आधी टाळली जाते, आणि एक दिवस तीच सगळ्यात जास्त हवी असते. का, ते सांगतो.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इसवी सन १२९०. ती हातानं उतरवली जात राहिली. एका प्रतीत चूक झाली की त्या प्रतीवरून केलेल्या सगळ्या प्रतींत ती उतरली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती तपासून पाठ शुद्ध केला. मध्ये २९४ वर्षं गेली होती. त्या काळात ज्या प्रती गावोगाव गेल्या, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती आपोआप कशी पोचणार? मूळ शुद्ध झालं म्हणून प्रती शुद्ध होत नाहीत.

हेच आपल्या डोळ्यांदेखत घडलंय. आंद्रेआस लुंडब्लाड नावाच्या प्रोग्रामरनं २०१० साली स्टॅक ओव्हरफ्लोवर जावामधला एक छोटा तुकडा लिहिला. फाइलचा आकार बाइटमध्ये दिला की तो माणसाला वाचता येईल असा, किलोबाइट-मेगाबाइटमध्ये दाखवायचा. पुढे संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लोवरून सर्वांत जास्त उचलला गेलेला जावाचा तुकडा हाच निघाला. २०१९ मध्ये लुंडब्लाडनं स्वतःच जाहीर केलं की त्यात चूक आहे. ९,९९,९९९ बाइट दिले की एक मेगाबाइट म्हणण्याऐवजी तो हजार किलोबाइट म्हणतो. त्यानं आपलं उत्तर दुरुस्त केलं. ज्या हजारो ठिकाणी त्याची नक्कल पोचली होती, तिथे ती दुरुस्ती कोण नेणार? ज्याच्याकडे पाचवी नोंद आहे, तोच. चूक कळल्यावर कोणत्या पानांवर जायचं, हे त्यालाच ठाऊक असतं.

यावर कोणी म्हणेल, मग नक्कल करूच नये, दुसऱ्याची लायब्ररी जोडावी, म्हणजे दुरुस्ती आपोआप येईल. त्याचीही दुसरी बाजू आहे. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरनं नावावरून वाद झाल्यामुळे आपली सगळी पॅकेजं एनपीएम ह्या भांडारातून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं. ते फक्त शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरायचं. ते गेलं आणि जगभरातल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली, काही तासांत ते परत ठेवावं लागलं. तेव्हा माझं मत असं: अकरा ओळी असतील आणि समजल्या असतील तर नक्कल करून नोंदीसह स्वतःकडे ठेवा. पासवर्डचं कुलूपीकरण, पैशाचे व्यवहार अशा जोखमीच्या गोष्टी मात्र तुकड्यांवर चालवू नका. तिथे जाणत्या लोकांनी सांभाळलेली लायब्ररीच घ्या.

मांडणीच्या फायली

कोडचं झालं, आता कॉन्फिगरेशनचं थोडक्यात. सर्व्हर कसा वागेल, डेटाबेस कुठल्या लिपीत साठवेल, वेळ कुठली धरेल, हे सांगणाऱ्या फायली. इथले तुकडे कोडपेक्षा जास्त आंधळेपणानं उचलले जातात, कारण त्यांत वाचण्यासारखं काही नाही असं वाटतं. नुसती नावं आणि आकडे.

पूजेचा संकल्प आठवा. त्यातला बराचसा भाग ठरलेला असतो, आणि संवत्सर, मास, पक्ष, तिथी, गोत्र, यजमानाचं नाव ह्या जागा दर वेळी भरायच्या असतात. स्थळसुद्धा. आपल्याकडे गोदावरीच्या दक्षिण तीराचा उल्लेख होतो. मुलगा अमेरिकेत पूजा सांगत असेल तर त्याला ती जागा बदलावी लागते. गुरुजींना ठरलेलं काय आणि भरायचं काय, हे पक्कं ठाऊक असतं. मांडणीची फाइल साठवताना हेच करायचं. भरायच्या जागा ओळखून रिकाम्या ठेवायच्या आणि शेजारी लिहायचं, इथे काय भरायचं.

एक आकडा तुम्ही पुष्कळ फायलींत पाहिला असेल: ३,१५,३६,०००. एका वर्षाचे सेकंद. चित्रं, फॉन्ट वगैरे ब्राउझरनं वर्षभर जपून ठेवावेत, पुन्हा मागू नयेत, म्हणून तो लिहितात. लोगोसाठी उत्तम. पण तीच ओळ दरपत्रकाच्या पानाला लागली, तर ज्यानं एप्रिलच्या सुरुवातीचा पेटीचा भाव पाहिला, त्याला मे अखेरही तोच भाव दिसत राहील. आकडा उतरवला जातो, तो वर्षाचा आहे हे उतरवलं जात नाही. 'वि. वि.'सारखंच.

सर्व्हरची वेळ बहुधा जागतिक वेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचला आलेल्या ऑर्डरवर आदल्या दिवसाची तारीख पडते. आणि डेटाबेस. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' नावाची जी जुनी मांडणी आहे, ती एका चिन्हाला तीनच बाइट देते. देवनागरी तीन बाइटची, म्हणून मराठी माणसाला वर्षानुवर्षं काही खटकलं नाही. पण मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली ती चार बाइटच्या भागात. जुन्या मांडणीत मोडीचं पहिलं अक्षर आलं की एकतर एरर येते, नाहीतर तिथून पुढचा मजकूर मुकाट्यानं तुटतो. त्यासाठी 'यूटीएफ-८ एमबी-४' ही मांडणी लागते. आपल्या जिल्ह्यातली मोडी कागदपत्रं कुणी वेबवर आणायला निघालं, तर ही एक ओळ आधी तपासावी.

शेवटची सूचना. संग्रहातल्या कोणत्याही फाइलमध्ये खरा पासवर्ड ठेवू नका. संग्रह हा वाटण्यासाठी असतो आणि वाटताना कोण काय पुसायला विसरेल, याचा नेम नाही.

प्रश्नोत्तरांतून

*सर, आता एआयला विचारलं की हवा तो तुकडा लगेच मिळतो. मग साठवायचं कशाला?*

चांगला प्रश्न. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो तशीच सांगतो, तो आप्त. यंत्रानं दिलेला तुकडा अनेकदा बरोबर असतो, पण आप्तवचन म्हणून तो घेता येत नाही, तपासूनच घ्यावा लागतो. आणि दुसरं असं, की यंत्राला तुमची उपाधी तुम्हीच सांगावी लागते. मजकूर मराठी आहे, रकमा लाखात जातात, जुन्या टाइपिंगमधली जोडचिन्हं जपायची आहेत. हे सांगायला ते आधी तुम्हाला माहीत हवं. ते कुठे लिहिलेलं असतं? तुमच्या नोंदींत. पूर्वी मी ओळी साठवायचो आणि अटीही. आता ओळी थोड्या कमी साठवल्या तरी चालेल, अटी मात्र कमी करू नका.

*कोणतं साधन वापरावं?*

जे दहा वर्षांनी उघडेल ते. मी साध्या मजकुराच्या फायली ठेवतो, एका फोल्डरमध्ये, आणि 'गिट'नं त्यांचा इतिहास राखतो. गिटहबवर 'जिस्ट' म्हणून सोय आहे, संपादकांमध्येही तुकडे साठवता येतात. तीही चांगलीच आहेत. फक्त पाच नोंदींना जागा आहे ना, तेवढं बघा.

*मी इथल्याच दोन-तीन होमस्टेंच्या साइट करतो. इतकं लिहीत बसलो तर गिऱ्हाईक थांबत नाही. काय करू?*

तुमची अडचण खरी आहे. मुंबई-पुण्याच्या कंपनीत तपासायला वेगळा माणूस असतो, इथे तुम्ही एकटेच सगळं करता. म्हणूनच तुम्हाला याची गरज जास्त. ऐन सीझनमध्ये शनिवारी रात्री बुकिंग अडकलं तर फोन तुम्हालाच येणार. सगळे तुकडे एकदम नोंदवायला जाऊ नका, ते होणार नाही. तुम्ही सर्वांत जास्त वेळा वापरता तो एक घ्या, बहुधा रकमेचा किंवा तारखेचा असेल. आज रात्री त्याच्याखाली पाच ओळी लिहा. पुढच्या वेळी जो तुकडा उघडाल, त्याच्याखाली तशाच लिहा. वर्षभरात वीस झाले तरी पुष्कळ झाले. आणि त्यातला एखादा मोडला की कुठे जायचं, ते शोधावं लागणार नाही.